पाठमोऱ्यांची ठमाबाई

ठमाबाई मढवींना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्या पुस्तकाची गोष्ट येणार आहे आणि तेव्हा कुणी म्हणायला नको की मी काही लपवलं.

मी त्यांचा भाडेकरू. १९८५ साली सावंतवाडीहून डोंबिवलीत आलो, मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटलो आणि कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर ठमाबाईंच्या चाळीत खोली घेतली. सहा खोल्या, मागे विहीर, पुढे भेंडीचं एक वाकडं झाड. बाईंची शेती कारखान्यांसाठी गेलेली. उरलेल्या तुकड्यावर नवऱ्याने, म्हणजे नाथाने, ही चाळ बांधली आणि दोन वर्षांत तो काविळीने गेला. मुलगा रघु रिक्षा चालवायचा. सून मालू घर सांभाळायची, आणि सासूला अजिबात घाबरायची नाही.

बाईंचं माहेर कळव्याचं, मिठागरात राबणारं. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, तरच त्यावर पांढरं मीठ धरतं. सातव्या वर्षापासून बाईंनी ते काम केलेलं. त्यांच्या टाचांना अशा भेगा होत्या की त्यात पावली उभी राहील. मालू चेष्टेने तसं म्हणायची आणि बाई स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायच्या.

पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते धवलारीण म्हणून. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायला एक बाई लागते, ती धवलारीण. सगळं तोंडपाठ. कुठे थांबायचं, कुठे वऱ्हाडाला रडवायचं, कुठे वरमाईची फिरकी घ्यायची, हे तिला कळावं लागतं. ठमाबाई सलग पाच-सहा तास गायच्या आणि मध्ये फक्त कोरा चहा मागायच्या.

आता खेळाचं. माझ्याच लॅबमधला चांगदेव जळगावकडचा. तो बायको लक्ष्मीसोबत शेजारच्या खोलीत राहायचा. त्याचा भाऊ जहाजावर होता. त्याने सिंगापूरहून एक खोका आणला: इंग्रजी नियमांची दोन पुस्तकं आणि आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, वीस बाजूंचे फासे. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची. गाव, जंगल, राक्षस, हवामान, सगळं त्याच्या तोंडी. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. पट नाही, सोंगट्या नाहीत. आम्हाला त्याचं वेडच लागलं. आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असे. जेवण झालं की मी, चांगदेव आणि शहाडहून येणारा आनंदा नावाचा टर्नर माझ्या खोलीत चटई टाकून बसायचो ते दिवेलागणीपर्यंत. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं. मला वाटायचं, मी बरा सांगतो.

एका शुक्रवारी दारात ठमाबाई उभ्या.

"पैसं लावून खेलताव काय? माज्या घरान जुगार नाय चालाचा."

"पैसे नाहीत मावशी, गोष्ट आहे," मी म्हणालो.

"गोष्टीला फासं कशाला?"

मी समजावून सांगितलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या, दहा मिनिटं ऐकलं आणि उठून गेल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आल्या. मग येतच राहिल्या. तांदूळ निवडायला घेऊन बसायच्या. आनंदाचा योद्धा दरीत पडला तेव्हा त्यांनी चक् केलं, तेवढंच. मी मात्र नकळत त्यांच्याकडे बघून सांगायला लागलो होतो. त्यांचा हात सुपात थांबला की समजायचं, गोष्ट चांगली चाललीय.

१९८७च्या जानेवारीत मी एक नवी जात रचली. भटके राक्षस. गावोगाव फिरणारे, पालं ठोकून राहणारे, मळके, चोरटे, लहान मुलं पळवणारे. चार पानं लिहिली होती, ती वाचून दाखवत होतो. दुसऱ्या पानावर बाई म्हणाल्या, "थांब."

मी थांबलो.

"यान भूत कुठं हाय? ही तं पालावरची मानसं."

आमच्या कारखान्याच्या कुंपणामागे मोकळ्या जागेत तेव्हा काही कुटुंबं पालं टाकून होती. सुया, पोत, मणी विकत फिरायची. ती बाईंच्याच विहिरीवर पाणी भरायला यायची. मी त्यांच्याकडे बघूनच लिहिलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"माजा आजा सांगाचा," बाई म्हणाल्या, "घाटावरून बैलांचं तांडं यायचं मिठाला. पाठीवर गोनी लादून परत घाट चढायचं. ती मानसं आली नसती तं आमचं मीठ पावसान इरगललं असतं. आनि तू त्यांना शिंग लावतंस!"

मला राग आला. चांगदेवसमोर, आनंदासमोर भाड्याच्या खोलीत माझा अपमान. मी म्हणालो, "मग तुम्हीच सांगा फिरता राक्षस कसा असतो तो."

मला वाटलं, उठून जातील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पुढल्या शुक्रवारी सांगते," म्हणाल्या. "असं घाईन नाय सांगता यायचं."

तो आठवडाभर मालू मला सांगत होती, "देसाई भाऊजी, काय केलंत हो? म्हातारी विहिरीवर एकटीच बोलत असते."

शुक्रवारी बाई धुवट लुगडं नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. चटईवर माझ्या जागी बसल्या. मी मुकाट्याने आनंदाशेजारी सरकलो. आणि त्यांनी आम्हाला पाठमोरे दिले.

पाठमोऱ्यांचे पाय उलटे. टाच पुढे, बोटं मागे. इथवर आमच्याकडचं कुठलंही भूत असंच असतं. पण पाठमोरे चालतातही उलटे, पाठ पुढे करून, त्यामुळे त्यांचा चेहरा कायम ते सोडून आलेल्या गावाकडे असतो. पुढे कुठे चाललोत ते त्यांना दिसत नाही, फक्त मागचं दिसतं. त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा दुरून मोठ्या वाजतात आणि जवळ आल्या की ऐकूच येत नाहीत. म्हणून घंटा थांबली की दारं लावायची.

ते एका जागी तीन दिवसांहून जास्त राहत नाहीत. आनंदाने विचारलं, "का?"

"चौथ्या दिवशी त्यांच्या पायाखालची जमीन खारावते. तिच्यान मग सात वर्षं गवत येत नाय. ते त्यांनाबी ठावं हाय. म्हून पलतात."

"मग वाईट काय त्यांच्यात?" चांगदेव म्हणाला. "उलट बिचारेच की."

"ऐक तं खरा." बाई पुढे वाकल्या. "ते काय चोरत नायत. सौदा करतात. तुला जे पायजेल ते देतात. दुभती म्हस, बायकोचं दुखनं बरं, पायजेल ते. बदल्यान तुजा शेजार मागतात. तू बोलतंस, शेजार काय, नेवा. दुसऱ्या दिवशी शेजारीन तुला ओलखत नाय. मग गल्ली ओलखत नाय. मग गाव बोलतो, यो कोन आलाय, हाकला याला. मग तू कुठं जाशील?"

त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"त्यांच्यामागं जाशील. दुसरं कोन हाय तुला? चालता चालता तुजं पाय फिरतात. पाठमोऱ्यांना पोरं होत नायत बाबा, ते असंच वाढतात."

मी पुष्कळ इंग्रजी पुस्तकांतून पुष्कळ राक्षस वाचले होते. पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी, भर दुपारी, बाहेर मालू कपडे आपटत असताना.

त्यानंतर गोष्ट सांगायचं काम ठमाबाईंकडे गेलं. मी स्वतःच दिलं. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून फासे खोक्यात गेले आणि सात कवड्या आल्या. किती उताण्या पडल्या ते बोटाने मोजायचं. इंग्रजी नियम मी कवड्यांना जुळवून घेतले, वहीत उतरवले. बाई एक शुक्रवार सांगायच्या, पुढच्या शुक्रवारी बरोबर तिथूनच उचलायच्या. कुणाच्या खांद्याला जखम होती, कोणी कुणाला काय शब्द दिला होता, काहीही विसरायच्या नाहीत. मी वहीत बघून "मावशी, तो घोडा मेला होता" म्हणालो, की त्या म्हणायच्या, "घोडा नाय, घोडी. नि मेली नाय, लंगडी झाली." आणि वहीतलंच चुकलेलं निघायचं.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला खेळ सांगतो. पाठमोऱ्यांत लग्न निघतं. त्यांच्यात धवले कुणाला येत नाहीत, कारण गाणं पाठ करायला एका जागी बसावं लागतं. म्हणून ते एका गावातून धवलारीण घेऊन जातात. आम्ही तिघं तिला सोडवायला निघालो. चार शुक्रवार पाठलाग केला आणि पोचलो, तर ती म्हणाली, "लगीन अर्ध्यावर सोडून येऊ? तशी आले, तं तुमीच मना नावं ठेवाल." तिला जबरदस्तीने उचलावं, की लग्न लागेपर्यंत राक्षसांच्या मांडवात पाहुणे म्हणून बसावं, यावर आनंदा आणि चांगदेव असे भांडले की लक्ष्मी मधे पडायला आली. शेवटी आम्ही बसलो. ठमाबाईंनी मग ते लग्न लावलं. म्हणजे खरोखर गायल्या. राक्षसांच्या लग्नाचे धवले त्यांनी नवे रचले होते. त्यांत नवरी मागे वळून माहेर बघत नाही, कारण तिला दुसरं काही दिसतच नाही. लक्ष्मी दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून आपल्या खोलीत निघून गेली.

ऐकून ऐकून लोक यायला लागले. ठाण्याहून एक बँकेतला माणूस, कल्याणच्या दोन शिक्षिका, कळव्याचे बाईंचे भाचे. खोली पुरेना तेव्हा भेंडीखाली बसायला लागलो.

आता चांगदेवच्या बंबाची गोष्ट. ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

१९९१चा डिसेंबर. कुंपणामागे पालं पुन्हा आली होती. आसपास आता नव्या इमारती झाल्या होत्या, त्यांत राहायला आलेल्या लोकांना ती नको होती. चांगदेवचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब लक्ष्मीने घासून दारात उन्हाला ठेवला होता. जेवून बाहेर येते तर बंब नाही. तिच्या आईने दिलेला. ती रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, पालावरची बाई मघाशी इथून गेली. तेवढं पुरलं. इमारतींतले वीसेक जण काठ्या घेऊन निघाले आणि त्यांच्या पुढे चांगदेव. मीही मागून गेलो. थांबवायला गेलो की बघायला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

मालूने विहिरीवरून हाक मारली असावी. आम्ही पोचलो तोवर ठमाबाई मागच्या वाटेने आधीच तिथे पोचल्या होत्या. पालापुढे एक बाई आणि दोन म्हातारे अंग चोरून उभे होते. ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाणी मागितलं. त्या बाईने भीत भीत जर्मनचा पेला भरून दिला. ठमाबाई खाली बसल्या आणि आमच्या सगळ्यांसमोर सावकाश, घोट घोट पाणी प्यायल्या. काठ्या घेतलेले लोक थांबले, कारण पाणी पिणाऱ्या म्हातारीला ओलांडून कसं जायचं ते कुणाला कळेना.

पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चांगदेव, इकडं ये."

तो पुढे गेला.

"तू पाठमोऱ्यांना पाच वर्षं ओलखतंस. या बायचं पाय बघ."

"मावशी, बंब—"

"पाय बघ आधी."

चांगदेवने खाली बघितलं. सरळ पाय. टाचा फुटलेल्या, ठमाबाईंच्या होत्या तशाच.

"कोनाची बोटं कुठं हायत ते बघ, नि मग मार. मी अडवत नाय."

मागून एकाने ओरडून म्हटलं, "आजी, तुम्हाला काय माहीत यांचे धंदे!" बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या चांगदेवकडेच बघत राहिल्या. त्याने काठी जमिनीला टेकवली, मग टाकली, आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेला. पुढारीच गेल्यावर बाकीचे बडबडत पांगले.

बंब सापडला नाही. कुणी नेला ते कधीच कळलं नाही. पालावरचे लोक तिसऱ्या दिवशी निघून गेले. त्यांना तिथे राहवलं नसणार, आणि पुन्हा ते त्या जागेवर आले नाहीत. ठमाबाईंना याचंच जास्त लागलं. "अडवून काय केलं मी," एकदा म्हणाल्या, "गेलीच ना ती." मी म्हणालो, "मार तरी चुकला." त्या म्हणाल्या, "तेवढाच."

चांगदेव खेळायला यायचा बंद झाला. येता-जाता दिसला तर मान खाली. असे चार महिने गेले. गुढीपाडव्यानंतरच्या शुक्रवारी तो येऊन कडेला उभा राहिला. खेळ रंगात आला होता. ठमाबाईंनी कवड्या त्याच्यासमोर सरकवल्या. "बस. तुजी पाली हाय." बंबाचा विषय त्यांच्या दोघांत नंतर कधी निघाला असेल तर मला माहीत नाही.

पुस्तकाची कल्पना चांगदेवचीच. माझ्याकडे अकरा वह्या भरल्या होत्या. त्यांतून पाठमोऱ्यांचं सगळं वेगळं काढलं: त्यांची चाल, सौदे, बैल, त्यांच्यापासून वाचायचे उपाय, खेळायचे नियम. चांगदेवने चित्रं काढली. त्याचा हात इतका चांगला आहे हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. चित्रांत एकाही पाठमोऱ्याचा चेहरा नाही, फक्त पाठी. कल्याणच्या एका छोट्या छापखान्याने दोनशे प्रती छापायचं कबूल केलं. छापण्याआधी बाईंनी पूर्ण पुस्तक वाचून घेतलं, म्हणजे मी वाचलं, त्यांनी ऐकलं. चार शुक्रवार गेले. मी एके ठिकाणी लिहिलं होतं, 'एका पाठमोऱ्याला मारण्यास पाच कवड्या उताण्या पडाव्या लागतात.' त्या म्हणाल्या, "आनि परत आनायला?"

"परत म्हणजे?"

"तो आधी कोनाचा तरी शेजारी होता ना? त्याला परत मानसान आनायला किती लागतात ते लिव."

हा नियम कधी ठरलाच नव्हता. आम्ही सहा वर्षं खेळत होतो आणि पाठमोऱ्याला परत आणता येतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बाईंनी तिथेच बसून तो सांगितला. सातही कवड्या उताण्या, आणि ज्या गावाने त्याला ओळखलं नाही त्या गावातल्या एकाने त्याला नावाने हाक मारायची. पुस्तकात तो शेवटच्या पानावर आहे. लोक आज सगळ्यांत जास्त खेळतात तो भाग हाच.

मी विचारलं होतं, "मावशी, साक्षरतेचे वर्ग चालू आहेत शाळेत. चला की. स्वतःचं पुस्तक स्वतः वाचाल."

"मना वाचता आलं तं तुमी कशाला वाचून दाखवाल?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

पुस्तक १९९३ साली आलं. मुखपृष्ठावर नाव एकट्या ठमाबाई मढवींचं. त्यांनी एक प्रत कळव्याला भावाकडे पाठवली, एक देवघरात ठेवली. १९९६ला ठाण्यात एका सभागृहात तीसेक खेळणारे जमले, तेव्हा बाईंनी अकरा जणांना एकदम खेळवलं, सलग चार तास, मध्ये फक्त कोरा चहा. एका निवृत्त इंजिनिअरांनी शेवटी उभं राहून शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्याला हे सुचतं तरी कसं?" बाई गोंधळल्या. मला हळूच म्हणाल्या, "काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, खरं तेच सांगा. त्या म्हणाल्या, "देसायनं मना राग आनला." सभागृहात हशा पिकला. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

त्यानंतर वर्षभरात त्यांचा आवाज बसायला लागला. आयुष्यभर वापरलेला गळा. लग्नाची आमंत्रणं त्यांनी आधी सोडली, खेळ मागाहून. शेवटचे काही महिने त्या भेंडीखाली खुर्चीत बसून ऐकायच्या आणि चुकलं की काठी आपटायच्या. १९९९च्या मार्गशीर्षात गेल्या, झोपेत. अंत्ययात्रेला माहेरच्या आणि सासरच्या लोकांबरोबर असे चाळीस-पन्नास जण होते की रघुला कळेना हे कोण. तो प्रत्येकाला "तुम्ही कुठले?" विचारत होता.

आता मालू सांगते. तिने कधी चटईवर बसून ऐकलं नव्हतं, पण कपडे धुता धुता तिचे सगळे शुक्रवार पाठ झालेले. ती सासूपेक्षा भराभर सांगते, मध्येच हिंदी घालते, आणि तिच्या पाठमोऱ्यांना दाढ्या असतात. चेहरा दिसत नाही तर दाढी कशी दिसते, हे आनंदाने तिला एकदा विचारलं. "पाठीमागून दोन्ही बाजूंनी बाहेर येते," मालू म्हणाली, "एवढी लांब आहे." ठमाबाईंनी काठी आपटली असती. आम्ही मात्र कवड्या उचलतो, कारण मालू तांदूळ निवडता निवडता सांगते, तिचं सूप अजून खाली ठेवलेलं नसतं, म्हणजे गोष्ट संपलेली नसते, आणि पुढची पाळी आमची असते.